अण्णा आणि चार देशांचा एक रुपया

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये निवृत्तीअण्णा भेटले, की तळमजल्यापासून माझा तिसरा मजला येईपर्यंत एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि लंका, या चौघांचं चलन एक करावं की नाही? 'हो' म्हटलं तर अण्णा 'नाही'च्या बाजूने बोलतात. 'नाही' म्हटलं तर 'हो'च्या. आमच्या वॉचमनने सकाळी 'हो' म्हणून पाहिलं, संध्याकाळी 'नाही' म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा हरला. आता अण्णा दिसले की तो पाण्याची मोटर बघायला जातो.

अण्णा पिंपळगाव बसवंतचे कांदा व्यापारी. सगळा जन्म कांदा परदेशी पाठवण्यात गेला. आता तिथला धंदा मुलगा बघतो आणि अण्णा नाशिकला, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी बँकेत, म्हणून या प्रश्नातली सगळ्यात जाणकार मीच, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी लॉकरच्या विभागात बसते, हे त्यांना तीनदा सांगितलं. "म्हंजे पैशाच्या जवळच ना," ते म्हणाले.

एकदा मी थोडं वाचून त्यांना समजावायला गेले. चलन एक झालं की व्यापार सोपा होतो, पैसे बदलण्याची कटकट जाते. पण मग व्याजाचा दरही सगळ्यांना एकच, आणि एखादा देश अडचणीत आला तर त्याला आपल्या पैशाची किंमत आपल्यापुरती खाली आणता येत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकलं.

"सामाईक सातबारा," ते म्हणाले. "चार भावांची नावं एका उताऱ्यावर. एकाला जमीन विकायची तर चौघांच्या सह्या. अन् धाकटा सही देत नाय, कारण थोरलीनं त्याच्या बायकोला दिवाळीत बोलावलं नव्हतं."

मला एकदम पटलं. मग नकोच एक चलन, मी म्हटलं. तर लगेच म्हणाले, असं कसं, एकाच्या घरातलं धान्य संपलं तर बाकीचे तिघं बघत बसतील का? सातबारा एक असला की धावून जावंच लागतं. मी खाली आले तेव्हा जाताना जेवढं कळत होतं, तेवढंही कळेनासं झालं होतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेतही गळक्या टाकीचा विषय संपताच अण्णा उभे राहिले. पाऊण तास चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, नोटेवर चित्र कोणाचं यावरूनच लढाई होईल. एक काकू नवीन नोटा नाशिकरोडलाच छापतील ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेवटी सेक्रेटरींनी इतिवृत्तात 'विषय तहकूब' असं लिहिलं. कोणता विषय ते लिहायचं राहिलं, त्यामुळे टाकीही तहकूब झाली.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी अण्णांनी मला वर बोलावलं. घरात ते एकटेच असतात. चहा त्यांनीच केला, मग फोन माझ्यापुढे सरकवला आणि इंग्रजीत एक निरोप लिहून द्या म्हणाले. निरोप कोलंबोच्या नझीरभाईंना होता.

नझीरभाई तिथले कांद्याचे व्यापारी. अठरा वर्षं अण्णांचा माल त्यांच्याकडे जात होता. दोघं रोज फोनवर बोलायचे, सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत; नझीरभाईंना ती वाचता मात्र यायची नाही. भेट एकदाही नाही. बोलणं कांद्याच्या भावावरून सुरू व्हायचं आणि मुलींच्या स्थळांवर संपायचं. अण्णांची बायको गेली तेव्हा पहिला फोन नझीरभाईंचाच आला होता. पुढे लंकेचा रुपया कोसळला आणि त्यांना बाहेरून माल आणणं परवडेना. दुकान बंद केलं त्या दिवशी त्यांनी अण्णांना विचारलं, आपल्या देशांचं चलन एक असतं, तर मी वाचलो असतो का?

"अन् मी काय बोललो?" अण्णा म्हणाले. "म्हटलं, तुम्ही तर वाचले नसतेच, आम्हीपण बुडालो असतो. वेगळं हाय तेच बरं."

नझीरभाई बरोबर आहे म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनीही केला नाही आणि अण्णांनीही नाही.

"मी व्यापाऱ्याचं उत्तर दिलं, ताई. आता फोन करायचा तर नीट उत्तर घेऊन करावा, म्हणून जो भेटेल त्याला विचारतो. कुणाचंच पटत नाय."

मग त्यांनी मला अगदी हळू विचारलं, खरं काय असेल? मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि एवढंच म्हटलं की उत्तर नसलं तरी फोन करता येतो.

अण्णा निरोप राहू द्या म्हणाले आणि नंबर लावला. पलीकडून आवाज आला तसे ते खुर्चीतून उठून उभे राहिले. नाव सांगितलं. पलीकडचा माणूस बोलत होता, अण्णा नुसते "हां, हां" करत होते. मी उठले. दार ओढून घेताना त्यांचा आवाज कानावर आला.

"धंदे का नय पूछ रहा, नझीरभाई. तुम कैसा है, वो बोलो."