हात लावल्यास शिट्टी

दुष्काळाचा अभ्यास दुष्काळात बसून करता येत नाही, हे सहकारातलं जुनं तत्त्व आहे. घशाला कोरड पडली की माणसाचं लक्ष अभ्यासात राहत नाही. म्हणून शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मुरुमकडच्या एका सहकारी दूध संघानं आपले संचालक पाणीटंचाईच्या अभ्यासासाठी हॉलंडला पाठवले. त्या देशात पाणी इतकं, की ते उपसून समुद्रात टाकावं लागतं. टंचाई नसली म्हणजे कसं दिसतं हे पाहिल्याशिवाय टंचाई कळणार कशी, असं ठरावातच लिहिलं होतं.

संचालक अकरा, पण दौऱ्याच्या यादीत नावं दहाच होती. अकरावे ज्ञानोबातात्या. फाल्गुनात त्यांची बायको मथुराबाई संघाच्याच विहिरीत पडून गेली आणि शोकसभेत अध्यक्ष श्रीमंतरावांनी तात्यांना हवापालट म्हणून हा दौरा मंजूर केला. (विहिरीला कठडा नव्हता. कठड्याचा विषय तीन वर्षं सभेपुढं होता. दर वेळी तो पुढच्या सभेवर ढकलायला अकराही हात वर व्हायचे. अकरावा हात तात्यांचा.)

हॉलंडात सहा दिवस गायी पाहून झाल्या. तिथल्या गायी खातात आणि दूध देतात, एवढी नोंद सचिव शांतलिंग यांनी घेतली. सातवा दिवस रविवार. डेअरी बंद, म्हणून यजमानांनी सगळ्यांना फुटबॉलच्या सामन्याची तिकिटं दिली. शांतलिंगनी वहीत लिहिलं, ‘स्थानिक जाहीर सभा. उपस्थिती वीस हजार. गणपूर्ती झाली.’

ढोल वाजत होते, गळ्यात लाल मफलर घालून म्हातारीकोतारी नाचत होती. तात्यांच्या शेजारी एक जाडा माणूस गाईच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन बसला होता. तात्यांनी बराच वेळ खेळ पाहिला.

“श्रीमंतराव, हे गडी चेंडू हातानं का उचलीत न्हाईत? उचलून नेला की काम झालं.”

“नियम हाय, तात्या. हात लावला की शिट्टी.”

“आन् एका बाजूला गडी किती?”

“अकरा.”

तात्यांनी बोटांवर मोजलं. “म्हंजी संघच की आपला.”

मागं बसलेले उपाध्यक्ष व्यंकटराव हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

त्यानंतर खेळ समजायला तात्यांना वेळ लागला नाही. आपल्याकडं आलेलं दुसऱ्याकडं ढकलायचं, त्यानं तिसऱ्याकडं, फारच अडचण झाली तर परत मागं. हात लावायची मुभा एकालाच, तोही सगळ्यांच्या मागं उभा (आपल्याकडं याला शिपाई म्हणतात). इतकी धावपळ करून काहीच झालं नाही, तर त्यालाही निकाल मानतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडं हे दीड तासात आटपतं.

मध्येच पिवळ्या सदऱ्यातला एक गडी गुडघा धरून पडला. लगेच माणसं स्ट्रेचर घेऊन पळत आली, एकानं पाणी पाजलं. तो पडल्यापासून मदत पोचेपर्यंत तात्यांनी मनात आकडे मोजले. वीस झाले. मथुराबाई पडली तेव्हा दोर संघाच्या कार्यालयात होता, कार्यालयाला कुलूप होतं, किल्ली सचिवांकडं होती आणि सचिव उमरग्याला बैठकीला गेले होते. शेजारच्या कोंडाबाईनं वरून आपलं लुगडं सोडलं. ते चार हात कमी पडलं. (हात हे इथं लांबीचं माप आहे.)

तेवढ्यात पंचानं काहीतरी चुकीचं दिलं आणि वीस हजार माणसं एकदम उठून त्याच्यावर ओरडायला लागली. भर सभेत असं ओरडता येतं, हे तात्यांना साठाव्या वर्षी कळलं. तेही उठले. तिथली भाषा येत नव्हती आणि छातीत शब्द एकच होता.

“कठडा!”

शेजारच्या जाड्याला वाटलं, हे कुणा खेळाडूचं नाव. त्यानं घंटा हाणली आणि ओरडला, “काटाडा!” मागच्या रांगांनी ते उचललं, ढोलांनी ठेका धरला आणि अर्धं मैदान गरजू लागलं, “का-टा-डा! का-टा-डा!” तीन वर्षांत पहिल्यांदाच विषय आवाजी मतानं मंजूर झाला.

“बसा, तात्या, बसा!” श्रीमंतराव त्यांचा सदरा ओढत होते. “आजच्या विषयात न्हाय त्ये!”

तात्या बसले नाहीत. ते रडत होते. आपला संघ हरतोय म्हणून हा रडतो, असं समजून जाड्यानं त्यांना मिठी मारली.

श्रावणात संघाची वार्षिक सभा भरली. तात्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. हजर एकशे चाळीस सभासदांपैकी एकशे एकोणचाळीस पोट धरून हसले. उरलेला एक बहिरा होता, तो थोडा उशिरा हसला.

“तात्या, त्या घंटावाल्याचं एकदा परत होऊ द्या!”

तात्यांनी परत केलं. मग विचारलं, “आन् कठड्याचं काय?”

“पुढच्या सभेत घेऊ,” अध्यक्ष म्हणाले. व्यासपीठावर हात वर झाले. या वेळी दहा.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बैलगाडीत दगड भरून आणले आणि विहिरीच्या काठावर रचायला घेतले. तिसऱ्या दिवशी शांतलिंग स्वतः नोटीस घेऊन आले. ‘संघाच्या मालमत्तेस विनापरवाना हात लावल्याबद्दल खुलासा करावा.’

“वाजली बघा शिट्टी, तात्या,” ते हळूच म्हणाले.

“वाजू द्या. तेवढा त्यो दगड द्या इकडं.”

शांतलिंगनी दगडाकडं पाहिलं, नोटिशीकडं पाहिलं. ते देणार होते. पण दोन्ही हातांत नोटीस होती.

विहीर गोल आहे. कठडा सध्या अर्धा गोल झाला आहे. उरलेल्या बाजूनं कोंडाबाई रोज वाकून पाणी शेंदते. गोष्ट मात्र मुरुमच्या बाजारापासून पार वाशीपर्यंत पोचली आहे. लोक ती ऐकतात, ‘काटाडा’ म्हणून एकमेकांना टाळी देतात आणि घरी जातात. आपणही इथवर वाचत आलात, मध्ये दोनदा हसलात. आपलं काही चुकलेलं नाही. कागद धरण्यापुरता हात लावलेला चालतो, एवढी सूट पोटनियमात आहे.