राजाराणी व्हॅनमध्ये

विश्वासरावांच्या सारात वॉशर सापडला आणि तिथून सगळं सुरू झालं.

काळा, रबरी, नळाचा वॉशर. मोहरीच्या डब्यातून थेट फोडणीत गेला असणार. बसवनगुडीत नळदुरुस्ती म्हटली की विश्वासरावांचंच नाव निघायचं, पण दुकान नसल्यामुळं त्यांचा सगळा धंदा सोयराबाईंच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला होता. पाने-पकडी पोळपाटाशेजारी, नळाच्या तोट्या तांदळाच्या पिंपामागं आणि पांढरी टेप चहापत्तीत.

"दसऱ्यात हर्षिताच्या सासूबाई जेवायला यायच्यात," सोयराबाई म्हणाल्या. "आई गेल्यापासून मी गोंबे मांडले नाहीत. यंदा मांडणार. आणि विहीणबाईंच्या ताटात हे असलं काही आलं ना, तर मी तुमच्याशी बोलायची नाही."

गोंबे म्हणजे कानडी मुलखातल्या दसऱ्याच्या बाहुल्या. नवरात्रात पायऱ्या करून मांडायच्या, सगळ्यात वर लाकडाची राजाराणी. ती जोडी सोयराबाईंना लग्नात आईनं दिलेली. लेक हर्षिता पडली शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला, पुण्याहून आलेल्या माणसांच्या घरात. त्यांनी गोंबे कधी पाहिलेच नव्हते. आपल्या घरची रीत विहिणीला एकदा नीट दाखवायची, एवढंच सोयराबाईंच्या मनात होतं, पण ते अगदी खोल होतं.

"एवढंच ना?" विश्वासराव म्हणाले. "व्हॅनमध्ये असे कप्पे करतो की गावातल्या सगळ्या प्लंबरांनी येऊन बघावं. घरात एक स्क्रू दिसला तर नाव बदल माझं."

चिकपेटेच्या बाजारातून त्यांनी स्क्रू आणले, लोखंडी कोन आणले. लाकूड विकत घ्यायची गरजच पडली नाही. माळ्यावर जुन्या साडीत गुंडाळलेल्या चार सागवानी फळ्या निघाल्या. कुठल्या तरी मोडक्या खाटेच्या असणार, आणि हल्ली असलं लाकूड मिळतं कुठं? फळ्या व्हॅनपेक्षा चार बोटं लांब होत्या, तेवढ्या कापल्या. वर स्क्रू, खाली सरस, दोन्हीकडून कोन. कप्पे असे बसले की जणू व्हॅन त्यांच्यासकटच जन्माला आली होती. सगळं सामान लावून झाल्यावर विश्वासराव दार उघडून बघायचे, बंद करायचे, आणि पुन्हा उघडून बघायचे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सोयराबाई माळ्याखाली स्टुलावर उभ्या राहून विचारत होत्या, "अहो, पायऱ्या कुठं गेल्या?"

"कसल्या पायऱ्या?"

"गोंब्यांच्या हो. आईच्या फळ्या. साडीत गुंडाळलेल्या."

विश्वासरावांच्या हातातला कॉफीचा लोटा ओठापर्यंत जायचा राहिला. आता तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत या माणसानं त्या फळ्या ओळखू नयेत? पण पायऱ्यांवर दरवर्षी त्यांचंच पांढरं धोतर अंथरलेलं असायचं. खाली लाकूड कसलं आहे ते बघायची वेळच आली नव्हती.

"स्वल्प, जरा खाली ये," ते म्हणाले आणि व्हॅनचं दार उघडून बाजूला झाले.

सोयराबाईंनी बघितलं. "कापल्या?"

"चारच बोटं."

एक पाना उचलून सोयराबाईंनी फळीची कड बघितली. आईनं लावलेल्या कुंकवाचा डाग अजून तिथं होता. त्यावरून बोट फिरवता फिरवता त्यांचे डोळे भरून आले, आणि विश्वासरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्ता काढतो. परत जोडून देतो," म्हणत त्यांनी घाईघाईनं स्क्रू सोडवले आणि फळी ओढली. पण सरस त्यांनी स्वतः लावला होता. फळी हलली नाही, नुसती कर्रकन वाजली.

"राहू द्या. चिरून ठेवाल," सोयराबाई म्हणाल्या. मग त्यांनी कप्प्यांवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "सामान उतरवा."

"कुठं ठेवू?"

"होतं तिथंच."

आणि त्या धोतर आणायला घरात गेल्या.

धोतर अंथरून झालं आणि त्या पुन्हा थांबल्या. "चार पायऱ्या चालत नाहीत. विषम पाहिजेत."

"व्हॅनचा खालचा पत्रा धर की पाचवी पायरी."

सोयराबाईंनी विचार केला. "सरी, चालेल," म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग त्या व्हॅनमध्ये बसल्या आणि विश्वासराव एकेक गोंबे हातात देत गेले. ही शेट्टीची, म्हणजे वाण्याची जोडी, हिच्यापुढं डाळ-तांदूळ ठेवायचे. ही वीणावाली, आईच्या फार आवडीची. इतक्या वर्षांत विश्वासरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता ते प्रत्येकाचं नाव विचारत होते. शेवटी त्यांनी वायर ओढून दिव्यांची माळ लावली आणि राजाराणीचे चेहरे उजळले.

एकदा मांडलेले गोंबे दसरा होईपर्यंत हलवायचे नाहीत. त्यामुळं व्हॅन दारात उभी राहिली आणि विश्वासराव खांद्यावर पिशवी टाकून बसनं नळ दुरुस्त करायला जाऊ लागले.

ठरल्या दिवशी हर्षिता सासूबाईंना, कल्पनाताईंना, घेऊन आली. व्हॅनचं दार सरकलं तसे कल्पनाताईंचे हात आपोआप जोडले गेले.

"किती सुंदर! तुमच्याकडे गाडीतच मांडतात का?"

हर्षितानं तोंड उघडलं, पण तिच्या अप्पांनी तिला पुढं बोलू दिलं नाही. "पूर्वी रथात मांडायचे," विश्वासराव गंभीरपणे म्हणाले. "आता रथ मिळत नाहीत."

कल्पनाताईंनी भराभर फोटो काढले. वीणावालीपाशी किती तरी वेळ थांबल्या, सोयराबाईंच्या आईंविषयी विचारत राहिल्या. बोलता बोलता सोयराबाईंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. सगळं अगदी मनासारखं झालं.

मग पानं वाढली. दुसऱ्यांदा सार घेतल्यावर कल्पनाताई चावता चावता थांबल्या. तोंडातून त्यांनी एक काळी, रबरी, गोल वस्तू हळूच काढली आणि मोठ्या आदरानं विचारलं, "ही पण तुमच्याकडची पद्धत का?"

हर्षितानं पदराआड तोंड लपवलं. विश्वासराव ताटात बघू लागले. आता बायको आपल्याशी जन्मभर बोलत नाही, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

"हो तर," सोयराबाई शांतपणे म्हणाल्या. "ज्याच्या ताटात येतो, त्याच्या घरचा नळ वर्षभर गळत नाही."

कल्पनाताईंनी वॉशर धुऊन पर्समध्ये जपून ठेवला.

विश्वासरावांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

"आणि गळलाच," ते घसा खाकरून म्हणाले, "तर मी आहेच. फक्त दसऱ्यापर्यंत बसनं यावं लागेल."