खालच्या पट्टीची गिटार

गिटारीच्या तारा जुळवताना डोक्यात हेल्मेट घालणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी नेहमी पाहते, कारण तो माझ्या खिडकीसमोरच राहतो. प्रल्हाद वानखडे आधी हेल्मेटची काच खाली ओढतात, तोंड भिंतीकडे वळवतात आणि मग झोपलेल्या सापाला हात लावावा तशी खुंटी पिळतात. "तार तुटून डोळ्यात गेली तं, ताई?" गाडीवर ते हेल्मेट घालत नाहीत, कारण गाडीवर ते बसतच नाहीत.

गिटार विजेवरची. म्हणून वाजवताना पायात रबरी चपला, अन् चपलांखाली लाकडी पाट. त्यांचं मंडळ जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतं गातं, तेव्हा स्टेजवर ढोलकीच्या आधी प्रल्हादभाऊंचा पाट चढतो.

आमच्या नांदुऱ्यात त्यांचं मेडिकलचं दुकान आहे. गोळी मागायला आलेल्या माणसाला ते पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद वाचून दाखवतात. "चक्कर येऊ शकते. अंगावर पुरळ येऊ शकते. पाहा बाप्पा, घ्यायची तं घ्या." अर्धी गिऱ्हाइकं डोकेदुखी घेऊन आली तशी परत जातात. एकदा वैतागून मी विचारलं, "भाऊ, तुम्ही दुकान चालवता की लोकांना घाबरवता?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "अन् काही झालं तं?"

मला भित्र्या माणसांचा राग येतो, सरळ सांगते. शाळेत पोरांवर ओरडून ओरडून माझा स्वभावही आवाजासारखाच चढा झालाय.

त्या घरात न भिणारं माणूस एकच, शोभावहिनी. प्रल्हादभाऊंची बायको आणि मंडळाची मुख्य गायिका. माईक बंद पडला तरी वहिनींचं गाणं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायचं. सकाळी त्या भांडी घासताना गायला लागल्या की मला घड्याळ पाहावं लागत नसे. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळं नीट पार पडलं. वहिनी घरी आल्या, पण गाणं काही घरी आलं नाही. टाके दुखत असतील, असं मी धरून चालले.

एके दिवशी दुकानात गेले, तर प्रल्हादभाऊ पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "ताई, शोभाची पट्टी उतरली."

आता तुम्हीच सांगा, मेडिकलचं काउंटर, मागे कापसाचे गठ्ठे, घरात गळ्याचं ऑपरेशन. मी काय समजणार? म्हटलं, "उतरली का? बरं झालं बाई. मोकळं वाटत असेल आता." आणि गल्लीभर सांगून टाकलं. शेजारणी नारळ घेऊन गेल्या. एकानं तर पेढे मागितले. प्रल्हादभाऊ सगळ्यांकडे बावचळून बघत राहिले, पण त्यांनी एकाचाही गैरसमज दूर केला नाही.

पुढे ते माझ्या दारात आले. "ताई, खामगावले गिटार पाह्याले जायचं हाये. तुमची कार काढता का?"

"एक आहे ना तुमच्याकडे?"

"दुसरी पाह्यजे. स्वस्तातली."

"मग एसटीनं जा की."

"एसटीचा ब्रेक फेल झाला तं?"

"आणि माझ्या गाडीचा नाही होणार?"

"तुमची गाडी तेवढी पळतच नाही, ताई."

अशा माणसाला खरं तर चालत पाठवावं. पण काढली गाडी. ते सगळा रस्ताभर दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दुकान हार्मोनियम-तबल्यांचं. कोपऱ्यात दोन विजेच्या गिटारी लटकत होत्या. एक लाल, चकचकीत, तिला हलवायची दांडी अन् पाठीत स्प्रिंगा. दुसरी काळपट, पॉलिश उडालेली. मी अर्थातच लाल दाखवली. दुकानदारानं तिची एक तार उतरवली, तर बाकीच्या आपोआप चढल्या. प्रल्हादभाऊ दोन पावलं मागे सरले. "ही नको. एकाले दुखलं का सगळ्यायले ताप."

काळपट गिटारीची तारा टेकतात ती घोडी लाकडात पक्की बसवलेली होती. "हिले जाड तारा टाका," ते म्हणाले, "अन् सगळ्या उतरवा. माह्या घरची, शोभा, पेटीच्या काळी चारमधी गाते. गात होती. आता पट्टी उतरून पांढरी चारवर आली हाये."

मी स्टुलावर बसलेच. पट्टी म्हणजे गाण्याची पट्टी. ज्याचे आम्ही पेढे मागितले, तो वहिनींचा आवाज उतरला होता.

दुकानदार खुंट्या पिळत असताना या गड्यानं तोंड वळवलं नाही, कान गिटारीला लावून बसला. "जाडी तार अजून खाली घ्या. मागून घुमत राह्यली पाह्यजे. मधी आवाज डगमगला तं तिनं झाकून घेतलं पाह्यजे."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "भाऊ, जुनीच उतरवली असती की."

"तिच्यासमोर उतरवू?" ते म्हणाले. "काल वडनेरवाले कार्यक्रमाले बोलवाले आले, तं शोभा म्हणे, मंडळाले दुसरी बाई पाहा. ताई, मले लय भेव वाटते. तिनं गाणं कायमचं सोडलं तं? आमच्या घरात आता निस्ता पंखा ऐकू येते." मग माझ्याकडे वळून, "तुमी एक करजा. तिले सांगजा का गिटारच हलकी हाये. जास्त ताणली तं मान वाकते, म्हणून खाली लावावी लागते. दोष गिटारीचा."

मी खोटं बोलत नाही. पोरांना त्यासाठी अंगठे धरायला लावते. पण त्या दिवशी नाही म्हणवलं नाही.

वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. "काय उचलून आणलं?" प्रल्हादभाऊंनी फरशीकडे बघत पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. मी मागून पुस्ती जोडली, "हो वहिनी, स्वस्तातली आहे ना, वरच्या पट्टीत मान टाकते." माझे कान तापले होते.

"मंग काऊन आणली असली?" वहिनी म्हणाल्या. भाऊ वाजवायला लागले. जाडी तार घुमू लागली. वहिनींनी मेथीची एक काडी हातात धरली ती धरलीच. मग, अगदी खालून, त्या गायल्या. पहिली ओळ निभावली. दुसऱ्या ओळीत आवाज फाटला. आता भाऊ थांबणार, "काही झालं तं" म्हणणार, असं वाटलं. ते थांबले नाहीत. तीच तार वाजवत राहिले, वहिनी पुन्हा सुरावर येईपर्यंत.

निघताना वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "ताई, यायले खोटं बोलता येते का? थोबाड पाह्यलं ना तुमी?"

मी ओशाळले. "म्हणजे कळलं होतं तुम्हाला? मग गायलात कशा?"

"ऑपरेशन झाल्यापासून, मी झोपली का हे माह्या नाकापाशी बोट धरून पाहतात, श्वास चालू हाये का नाही. मी आपली डोळे मिटून पडून राह्यते. काय बोलावं त्या माणसाले?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आज म्हटलं, गाऊनच सांगू यायले. हाये मी."