कडेला लागलं का फिर मागं

कॉम्प्युटरच्या काचेसमोर तांदळाची मूठ धरून "आ… आ… आ…" करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. ती माझी घरमालकीण, हिराकाकी.

भिवंडीत कापडाच्या लूमवर लागलो तेव्हा मी उदगीरहून नुकता आलेलो. आठवीत शाळा सोडलेली, आणि कुणी नुसतं "ए" म्हटलं तरी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं. निजामपुऱ्यात काकींची चाळ होती. भाडेकरूंना त्या नावानं नाही, गावानं हाक मारत.

"उदगीर, जेवलास कं?"

मी बिचकून हो म्हणायचो.

"खोटं! बस हितं." आणि ताटात बोंबील पडायचे.

चाळीमागच्या तळ्यात काकींची बदकं असायची. तळ्यात भराव पडला, गोडाऊन उभं राहिलं, बदकं गेली. मग काकींची भाची शिकायला गेली ती आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे ठेवून. त्यात एकेक हुकूम लिहिलेले रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की चित्रं तशी चालायची. एवढं तिनं दाखवलं आणि अख्खी चाळ कामाला लागली. चाळ म्हणजे मी. ठोकळ्यांवर इंग्रजी होतं, आणि "आठवी म्हंजे तू साहेबच हायस!"

उघडल्याबरोबर पडद्यावर एक मांजर यायची. "मांजर आन् बदकं एका घरात? हाकल तिला!" हाकलली. सहा बदकं काढली. पहिलं मोकळं सोडलं, बाकीच्यांना सांगितलं, पुढच्याकडं तोंड कर आणि चाल. चालली ती थेट एकमेकांवर चढली आणि एकच बदक उरलं.

"पाच खाल्लीस कं रं?"

मला घाम फुटला. काकी मात्र बदकांनाच झापायला लागल्या, "आंगावर जायचं न्हाय! लांब पन पडायचं न्हाय!"

अरे, तेच तर सांगायचं राहिलं होतं! अंतर बघणारा ठोकळा शोधला. लांब असलास तर चाल, जवळ आलास तर थांब. चालू करायचा हिरवा झेंडा दाबला, आणि सहाही बदकं डुलत निघाली! पहिलं वळलं की मागची एकेक करून वळत होती.

"बग, बग, कशी वळतान!" काकींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी टेबलावर आदळलो. तेवढ्यात लाइट गेली. सेव्ह करायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"वाहून गेली," काकी म्हणाल्या. "उद्या परत काढू."

परत काढली. काकींनी त्यांना नावं दिली: सोलापूर, आजमगड, नांदेड… मी हसायचो. त्यांचा लाडका ठोकळा एकच, बदक पडद्याच्या कडेला पोचलं की परत फिरवणारा. मी केलेलं त्याचं मराठी त्यांनी गल्लीभर केलं. उशिरा येणाऱ्या भाडेकरूला, "कडेला लागलं का फिर मागं!" रस्ता चुकलेल्या रिक्षावाल्याला, "भाई, किनारे लगा तो घूम पीछे!"

मग आमच्या शेठनं लूम भंगारात काढले. सुरतेत काम होतं, पण काकींना सांगायचा धीर होईना. शेवटी ठोकळे जोडता जोडता बोलून टाकलं.

काकी ओरडल्या नाहीत. "आजमगड पन असाच गप गप फिरायचा, जायच्या आदी. तुझ्याच खोलीत ऱ्हायचा. सोलापूर त्याच्या आदी." मग पडद्याकडं बघत म्हणाल्या, "सातवं बदक काढ. नाव लिव, उदगीर."

मी पहिल्याची नक्कल काढली. नाव लिहिलं.

"ह्याचा तो मागं फिरवनारा ठोकळा काढून टाक."

"का?"

"जायचंय ना त्याला?"

काढला. झेंडा दाबला. उदगीर सरळ चालत कडेला गेलं, डोकं गेलं, पंख गेले. मी मान फिरवली.

"आरं बग!"

ते पुरतं गेलंच नव्हतं. त्या पडद्याबाहेर कुणाला पूर्ण जाताच येत नाही, हे तेव्हा कळलं. शेपटीचं पांढरं टोक कडेला तसंच राहिलं होतं. काकींनी काचेवर त्याच्याशेजारी बोट टेकवलं.

"शेपूट हाय," त्या म्हणाल्या. आणि एकदम घाईनं, "सेव कर. आदी सेव कर, लाइट जाईल."