उसाच्या भिंतींचा मांडव

आमचे शलोमनाना हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय कुणाला जेवू देत नसत. खरी झेंडी, रेल्वेची. तीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते; निवृत्त होताना घड्याळाऐवजी त्यांनी झेंड्यांची जोडी आणि शिट्टी मागून घेतली. ताटं वाढली, प्रार्थना झाली, की नाना ताटांच्या रांगेवरून नजर फिरवत, शिट्टी फुंकत आणि झेंडी हलवत. त्याआधी कुणाचा हात पोळीकडे गेला की लाल झेंडी!

"गार्डाला विचारल्याशिवाय गाडी हलत नाही!"

बाळांनो, तुम्ही तिकडे इस्राएलात, अश्दोदला, ज्या मोशेअंकलकडे दर शनिवारी शब्बाथला जेवता, त्यांचे हे वडील. आजी कधी येणार, असं तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता. उत्तर द्यायच्या आधी नानांची ही गोष्ट सांगते.

सुरतेत लिंबायतला माझं आणि नानांचं घर समोरासमोर. सुक्कोथ, आपला मांडवांचा सण, आला की नाना दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत मांडव घालत. आठ दिवस जेवण त्यातच. त्यांचं शास्त्र आटोपशीर होतं. "छपरातून चांदणी दिसली पाहिजे, भिंती निदान तीन पाहिजेत. बाकी गार्डाची मर्जी." छपराला नारळाच्या झावळ्या. भिंतींना लोक चादरी लावतात. नाना ऊस लावत. सुरतेच्या आसपास ऊस मुबलक, हे खरं. पण भिंत खाण्याजोगी कशाला, हे मला कधी कळलं नव्हतं. एका वर्षी मोकाट गाय आत शिरली आणि तिने अर्धी भिंत फस्त केली. मी काठी घेऊन धावले तर नानांनी मलाच लाल झेंडी दाखवली. "मांडवात आली ती पाहुणी. पाहुण्याला काठी दाखवता, टीचरबाई?"

सत्त्याण्णव साली नाना एकटे उरले. बायको आधीच गेली होती, आणि त्या वर्षी मोशे बायकामुलांना घेऊन इस्राएलला गेला. सणाच्या आधी त्याचं पत्र आलं. नानांचा चष्मा फुटलेला, म्हणून मी वाचून दाखवलं. "बाबा, नऊ जणांचा मांडव तुम्ही कुणासाठी घालणार? या वर्षी तो रिकामा राहिला, तर हट्ट सोडा. मी तिकीट पाठवतो."

नाना ताठ बसले. "लिहा. मांडव रिकामा राहिला तर येतो. गार्डाचा शब्द."

"नाना, या सोसायटीत यहुदी आपण दोघंच. हरायची पैज का लावता?"

"गाडीत शेवटी कोण चढतं?"

"गार्ड."

"मग? अजून प्लॅटफॉर्मवर माणसं आहेत."

कुठली माणसं, ते मला दिसेना. पण पत्र टाकलं.

पहिल्या संध्याकाळी नानांनी नऊ ताटं मांडली. आम्ही दोघं बसलो. त्यांनी सात रिकाम्या ताटांवरून नजर फिरवली, शिट्टी फुंकली, झेंडी दाखवली. मला हसू आलं, आणि लगेच आवरलं. जेवताना त्यांनी एकदा चटणी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडच्या भिंतीला खिंडार! रस्त्यापलीकडच्या इंदूबाईंची चार नातवंडं ओट्यावर बसून मांडव चघळत होती. नाना शिट्टी फुंकत धावले. "चेन पुलिंग! चेन पुलिंग करता काय?" पोरं पळाली, नाना आत वळताच परत आली. दुपारपर्यंत ती भिंत जवळजवळ संपली.

"दोन भिंतींचा मांडव म्हणजे प्लॅटफॉर्म," मी म्हटलं. "चादर आणू का?"

"चादर नाही."

त्या दिवशी चांदनी पडवो होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरत रस्त्यावर सतरंज्या टाकून घारीची मिठाई खातं. अंधार पडता पडता इंदूबाई आल्या. घरधनी लूमवर पाळीला, म्हणून बरोबर दोन सुना आणि चारही नातवंडं. हातात घारीचं ताट, खांद्यावर गोधडी.

"नाना, आमना पोरेस्नी तुमना मांडव खाई टाका," त्या ओशाळून म्हणाल्या. "ही गोधडी लावा तठे. आणि घारी घ्या."

चादर नाकारणाऱ्या नानांनी गोधडी मुकाट्याने दोरीवर टाकली. तीन भिंती झाल्या. इंदूबाई निघाल्या तर नाना अडवून उभे. "ताटं मोकळी आहेत. बसल्याशिवाय सिग्नल मिळणार नाही."

सात माणसं बसली. मी मोजली.

आता पंचाईत. नानांनी स्वतः कापून, नारळाच्या दुधात कोंबडी शिजवली होती. वर्षभर त्याच रश्श्याची वाट पाहत. पण घारी माव्याची, तुपात न्हालेली. आपल्यात मटण-कोंबडीबरोबर दूधदुभतं चालत नाही. नानांनी पातेल्याकडे पाहिलं, घारीकडे पाहिलं आणि आपल्याच पातेल्याला लाल झेंडी दाखवली.

"का हो नाना, कोंबडी नासली का?" इंदूबाईंनी विचारलं.

"नाही. एक्सप्रेस आली. मालगाडी सायडिंगला."

मग शिट्टी, मग हिरवी झेंडी, आणि नऊ जण घारीवर आणि आमच्या पुऱ्यांवर तुटून पडले. पोरांनी झेंडीची पाळी लावून घेतली. नंतर रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. मोशेला पत्र गेलं: "मांडव फुल. तिकीट पाठवू नकोस."

सण संपल्यावर मांडव सोडवायला मी हात लावला. शिल्लक दोन भिंतींच्या गाठी निरगाठी, इतक्या पक्क्या की कोयत्याने कापाव्या लागल्या. रस्त्याकडच्या बाजूला चारपाच ऊस उरले होते. त्यांची सुतळी मी नुसती ओढली तर सुटली. सगळ्या सुरगाठी. उसांची खालची पेरंही कोयत्याने सोलून ठेवलेली, लहान दातांना सोपी.

मी नानांकडे पाहिलं. ते शिट्टी पुसत होते.

"टीचरबाई," ते म्हणाले, "हे मोशेला लिहायचं नाही."

मी लिहिलं नाही. तुम्हीही सांगू नका. पुढच्या वर्षी नानांचा हात दुखत होता, म्हणून रस्त्याकडची भिंत मीच बांधली, आणि मांडव भरतोय तोवर दर वर्षी मीच बांधणार. सुरगाठींनी.