पस्तीस अंश, समाधानकारक

कोंबडीची सहा पिल्लं दोन दिवस सांभाळायची, त्यात अवघड ते काय, असं मी म्हणालो. (माझी बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू होतात.) पिल्लं मुलीची, कालच अंड्यातून निघालेली. आई नाही, म्हणजे ऊब आपणच द्यायची. मावशीकडे निघताना मुलगी मला बजावून गेली, "परत आले की मोजून घेणार, बाबा. सहाच्या सहा."

बायकोचं म्हणणं, बेडरूममधला हीटर खोक्याजवळ ठेवावा. माझं म्हणणं, मग आपण गारठू; पिल्लांना एक बल्ब पुरे. ऑफिसात आवक-जावक सांभाळण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी सगळं रीतसर केलं. खोक्याच्या झाकणाला बल्ब टांगला, त्याला खेटून थर्मामीटर टांगला आणि एक रजिस्टर घातलं. दर तासाला नोंद : तापमान पस्तीस अंश. शेरा : समाधानकारक.

पिल्लं मात्र एकमेकांच्या अंगावर चढून सारखी ओरडत होती. बायको म्हणाली, गारठलीयेत ती. मी तिला रजिस्टर दाखवलं.

"पस्तीसला थंडी वाजत नसते," मी म्हणालो.

संध्याकाळी एक पिल्लू मान टाकायला लागलं. रजिस्टरमध्ये यासाठी रकाना नव्हता. बायकोने थर्मामीटर सोडवला आणि खाली, पिल्लांच्या पायांशी ठेवला. पारा बघता बघता बाविसावर आला. दिवसभर मी बल्बचा ताप मोजत होतो.

मग हीटर आला. थोड्या वेळाने ढीग सुटला, पिल्लं खोकाभर पांगली आणि झोपली. मान टाकणारं पिल्लू तर उठून पाणी प्यायला गेलं. (डोळ्यांत पाणी माझ्या आलं, पण त्याची नोंद मी केली नाही.)

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तेव्हा मी दोन स्वेटर आणि मफलर घालून शिंकत बसलो होतो. तिने मोजली. सहा भरली. आता तासभर हीटर मला मिळेल का, असं मी चाचरत विचारलं.

बायकोने खोक्यातला थर्मामीटर काढून माझ्या नाकासमोर धरला.

"पस्तीस आहे. पस्तीसला थंडी वाजत नसते."

मुलीने रजिस्टर पुढे ओढलं आणि पिल्लांच्या नोंदींखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : बाबा. शिंका अकरा. शेरा : समाधानकारक.