दौलतमामा कानोला जाऊन आले

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही नीट चढलो आहे असं अजून म्हणवत नाही. तेव्हा दौलतमामांसारख्या माणसावर लिहायला बसणं ही धिटाईच आहे, वडीलधाऱ्यांनी माफ करावं. पण मामांच्या घरची पत्रं वाचण्याचं आणि लिहिण्याचं काम गल्लीनं माझ्याकडे दिलं आहे. त्यामुळे काही गोष्टी मला कळल्या, इतरांना कळल्या नाहीत. एवढाच माझा अधिकार.

दौलतमामांना तोंडानं आकडा सांगता येत नाही.

पांढुर्ण्याच्या ढोरबाजारात त्यांची दलाली. तिथे बैलाची किंमत कोणी बोलत नाही. दलाल उपरणं टाकतो आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं दाबतो. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. बघणाऱ्यांना फक्त हलणारं कापड दिसतं. हे सगळेच दलाल करतात, पण बाजार उठला की त्यांचं उपरणं खांद्यावर परत जातं. मामांचं जात नाही. न्हाव्याला किती वाजता बोलवायचं, हेही ते उपरण्याखाली सांगतात. "तोंडातून निघाला तो आकडा गावाचा झाला," असं त्यांचं म्हणणं.

माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा भर रस्त्यात त्यांनी माझ्या हातावर उपरणं टाकलं. मी भीत भीत आधी चार बोटं दाबली, मग पंजा.

पंचेचाळीस टक्के. मामा कानात म्हणाले, "मग हात ढिला कायले सोडतं बे? आकडा बरा हाय. घट्ट धर!"

मामा-मामींना मूलबाळ नाही. बहिणीचा मुलगा गुलाब लहानपणीच पोरका झाला, त्याला यांनीच वाढवलं. त्याच्यामुळेच सारी गल्ली यांना मामा-मामी म्हणते. गुलाब नागपूरला एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात लागला. शेठनं कानोला दुकान काढलं, तेव्हा त्यालाही सोबत नेलं. कानो हे आफ्रिकेच्या पश्चिम भागातलं जुनं बाजाराचं शहर आहे, एवढं मी नकाशात पाहून मामांना सांगितलं होतं. चार वर्षं झाली. पत्रं वेळेवर येत, गुलाब येत नव्हता. "पोट्टा गेला हातचा," असं लोक मामांच्या तोंडावरच म्हणू लागले.

मग एका पत्रातून दोघांच्या प्रवासाची तिकिटं आली. दहा-बारा दिवस येऊन जा, इथला बाजार पाहा, इथले ढोल ऐका, असं गुलाबनं लिहिलं होतं. "बाजार पाहाले जाऊन राहिलो," असं मामा गावभर सांगत सुटले. पण ते गुलाबला परत आणायला चालले आहेत, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मामींनी तर निघण्याआधी मागची खोली सारवली आणि त्याची खाट नव्या सुतळीनं कसून ठेवली. मामांचा सौदा कधी फिसकटला नव्हता, तेव्हा आम्हालाही शंका नव्हती.

ते गेले तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. ते बोटीनं, आगगाडीनं परत येईपर्यंत राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. स्टेशनवर उतरल्या उतरल्या मामांना हे कोणीतरी सांगितलं.

"घ्या!" मामा म्हणाले. "मी एक माणूस आणाले गेलतो, तेवढ्यात तुम्ही राजधानीच हरवली!"

त्यांच्यामागून गुलाब उतरला नाही, हे तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुढे आठ दिवस त्यांच्या ओसरीवर कानोच भरलेलं असे. मातीचा उंच कोट, कापड निळीत बुडवायचे जमिनीतले गोल खड्डे, शेंगदाण्याच्या पोत्यांचे डोंगर. मामींना तिथे तिखट आणि दाण्याची कुटलेली भुकटी मिळाली होती. "कोन्या पांढुर्ण्याच्या बाईनं शिकवली हो ह्याईले?" असं त्या प्रत्येकीला चाटवून विचारत.

मामांची खरी गोष्ट मात्र तिथल्या ढोरबाजारातली.

"असा लांब शिंगाचा बैल! मी धन्याच्या हातावर उपरणं टाकलं, दोन बोटं धरली. तो हसला. म्हणे, सन्नू सन्नू. अन् माहा पुरा पंजाच धरला. मी म्हटलं, एवढे? एवढ्यात तर हत्ती येते! मी तीन बोटं धरली, तर त्यानं दुसराही हात आत घातला. अन् सोडेच ना बाप्पा."

"गुलाब धावत आला म्हणून बरं," मामी आतून म्हणाल्या. "तो मानूस ह्यांची तब्येत विचारून राहिला होता. घरचे कसे, बायको कशी, काम कसं."

"तरी तोच मोठा दलाल," मामा म्हणाले. "दहा बोटं देल्ली, पन किंमत कळू देल्ली नाही."

सगळे हसले. मग कोणीतरी विचारलंच, "अन् गुलाबचं काय, मामा?"

"सौदा झाला."

"किती सालाचा?"

मामांनी उपरणं झटकलं आणि ते उठून गेले.

तो आकडा मला पुढे मामींनी सांगितला. मामा बाजारात गेले होते. मामी गुलाबला पत्र लिहवून घेत होत्या आणि मध्येच थांबल्या.

"निघायच्या दिवशी दुकानात बसलो होतो. ह्याईनं पोट्ट्याच्या हातावर उपरणं टाकलं. त्यानं दोन बोटं धरली. दोन साल."

"तुम्हाला बाहेरून समजतं?"

"दलालाची बायको आहो ना मी. तीस साल ते उपरणं धुतलं."

"मग दोन वर्षांत येणार तो?"

"मंग ह्याईनं पंजा धरला. पाच साल."

मी अजाणपणे म्हणालो, "मामा चुकले असतील."

"हे चुकत नाहीत." मामींनी पदरानं हात पुसले. "तिथं त्याले जो तो हाक मारे, बाप्पा. गल्लीगल्लीतून. तो त्याईच्या भाषेत हसे, कोनाचं लेकरू बिमार आहे ते विचारे. इथं तो दौलतचा बिनमायबापाचा भाचा होता. बोटीवर हे मले म्हनतात, 'त्याचा भाव तिथं चढून राहिला. आपन आत्ताच ओढला तर पडत्या भावात येईन.'"

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? बोलली असती तर रडली असती. लिही पुढं. म्हन, इकडं सर्व खुशाल."

मी लिहिलं.

यानंतर दोन वर्षं पत्रं येत-जात राहिली. येण्याबद्दल त्यानं कळवलं नाही, यांनीही विचारलं नाही. बाजारात कोणी टोमणा मारलाच, तर मामा म्हणत, "सौदा पक्का हाय, तुले काय करायचं?"

परवा मी सुट्टीत घरी आलो, त्याच दिवशी कानोचं पत्र आलं. मामा ओसरीवर बसले, मामी दाराशी उभ्या राहिल्या. मी वाचायला लागलो. पत्र अगदी लहान होतं.

"मामा, पाच साल तुमचे होते. मी दोन म्हटले होते, अन् तुमचा आकडा मी मान्य केला नव्हता. दोन झाले. पुढच्या बोटीचं तिकीट काढलं आहे. येऊन राहिलो."

मामांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "कालेजवाले, आकडा नीट पाह्य. दोनच हाय ना?"

मी त्यांच्यासमोर कागद धरला आणि आकड्यावर बोट ठेवलं. दोनच होता.